कोपरापासून नमस्कार

मराठीत एखाद्या गोष्टीला ‘कोपरापासून नमस्कार’ करण्याची पद्धत आहे. ज्या माणसाशी वा प्रसंगाशी पुन्हा गाठ पडू नये असे मनापासून वाटते, त्याला आपण असा नमस्कार करतो. परंतु खुद्द कोपरच दुखू लागले, तर त्याला नमस्कार करावा तरी कोठून, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उभा राहिला. त्या एका वर्षात आम्ही जे पाहिले, जेथे चुकलो आणि जे उशिरा शिकलो, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही वैद्य नव्हे. सरकारी शाळेचा एक मुख्याध्यापक. तेव्हा या लेखात जे शास्त्र आहे ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले व वाचून पडताळलेले आहे. ज्या चुका आहेत त्या मात्र सर्वस्वी आमच्या.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन वसली. पुढे ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’च्या कारखान्याने त्यांत आणखी भर घातली. आमची आई त्याच काळात नागपूरहून आली, ती ट्रंकेत एक पितळी सोऱ्या घेऊन. परमुलखात राहणाऱ्या घराची भाषा हळूहळू बदलते, पोशाख बदलतो, पण दिवाळीची चकली बदलत नाही. तो सोऱ्या आईच्या हातून आमच्या सौभाग्यवतींच्या हाती आला आणि गेली पंचवीस-तीस वर्षे, घरच्यासाठी, शेजाऱ्यांसाठी आणि मंडळाच्या फराळासाठी, त्यांनी तो अखंड फिरवला.

गेल्या दिवाळीत चार दिवस ओळीने भाजणीच्या चकल्या झाल्या. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “अहो, उजवं कोपर ठणकतंय.” आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिले, “अगं, दमली असशील. थोडा बाम लाव.” सांगावयास संकोच वाटतो, परंतु पुढचे चार महिने आमच्याकडून या दुखण्यावर एवढीच काय ती उपाययोजना झाली. तीळसंक्रांत गेली, हळदीकुंकू झाले. एके दिवशी सकाळी पाण्याने भरलेला तांब्या उचलताना त्यांच्या हातून सुटला व फरशीवर आदळला. त्या आवाजाने आम्ही प्रथम त्या हाताकडे नीट पाहिले.

नावाची गंमत

पुढे यथाकाल आम्ही सरकारी रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांपुढे जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी दोन मिनिटे हात तपासून सांगितले, “यांना टेनिस एल्बो झाला आहे.” त्यावर आमच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मी टेनिसची बॅट जन्मात हातात धरलेली नाही.” डॉक्टरही हसले. त्यांच्याकडे हे दुखणे घेऊन येणाऱ्यांत टेनिस खेळणारा क्वचितच असतो. सुतार, रंगारी, गवंडी, शिंपी, स्वयंपाकी, संगणकावर बसणारी मुले आणि सर्वांत अधिक घरकाम करणाऱ्या स्त्रिया, असा त्यांचा अनुभव.

खेळाचे नाव या रोगाला चिकटले ते 1883 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हिरवळीवरच्या टेनिसची लाट आली तेव्हा. त्याच्या दहा वर्षे आधी, 1873 मध्ये, रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने हेच दुखणे वर्णन केले होते, आणि तेही लिहिणाऱ्या हाताच्या संदर्भात! म्हणजे ज्या व्याधीवर आज खेळाडूंचा हक्क सांगितला जातो, ती वैद्यकाच्या पोथीत प्रथम आली ती आम्हां लेखणीवाल्यांच्या वर्गातून. खडू आणि लाल शाई यांच्याशी आयुष्य घालविलेल्या मनुष्यास ही माहिती वाचून थोडा अभिमान वाटला, हे लपवीत नाही.

आपल्याकडे मात्र हे नाव घरोघर पोहोचले ते सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. 2004 च्या उत्तरार्धात त्यांच्या कोपराने असहकार पुकारला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्यांना खेळता आले नाहीत. नागपूरच्या सामन्यात ते परतले, पण दुखणे काही गेले नाही. मे 2005 मध्ये लंडन येथे त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे कित्येक महिने बॅट हाती धरणेही अवघड होते. 25 ऑक्टोबर 2005 रोजी नागपूरलाच श्रीलंकेविरुद्ध ते पुन्हा मैदानात उतरले आणि 93 धावा काढून गेले. त्याच डिसेंबरात दिल्लीला त्यांनी पस्तिसावे कसोटी शतक पुरे करून गावसकरांचा विक्रम मागे टाकला. त्या वर्षी भोपाळच्या मराठी घरांतून त्या एका कोपराची जेवढी चौकशी झाली, तेवढी स्वतःच्या घरातील कोपरांची कधी झाली असेल काय, याची शंका आम्हांस आता वाटते.

दुखते कोपर, दोष मुठीत

या दुखण्याचे मर्म समजून घेण्यासाठी वाचकांनी एक लहानसा प्रयोग करावा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली, मांसल भागावर ठेवावी आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळावी. बोटांखालचा स्नायू ताठ झालेला लागलीच कळेल. मूठ आवळली मनगटापुढे, ताण पडला कोपराशी! याचे कारण असे की, मनगटाला मागच्या बाजूस ओढून स्थिर धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी बांधलेले असतात. आपण काहीही घट्ट धरतो, उचलतो वा पिळतो, तेव्हा मनगट ढळू नये म्हणून हे स्नायू त्या उंचवट्याला ओढ देत राहतात. पोहऱ्याची दोरी जशी रहाटाशी झिजते, तशी स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जिला कंडरा म्हणतात, ती त्या जागी झिजते. तिच्यात सूक्ष्म चिरा पडतात. कंडरेला रक्ताचा पुरवठा मुळातच थोडा. त्यामुळे दुरुस्ती मंद आणि झीज वेगाने, असा व्यवहार तोट्यात जातो.

पूर्वी ही सूज समजली जात असे. 1979 मध्ये नर्शल आणि पेट्रोन या दोन अमेरिकी शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. होते ते विस्कटलेले, नीट न सांधलेले तंतू. हा फरक केवळ पंडितांचा नव्हे. सूज असती तर ती उतरविण्याच्या औषधाने काम भागले असते. झीज झाली असेल तर कंडरेला पुन्हा बळकट करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

हे दुखणे ओळखणे फारसे कठीण नाही. वय बहुधा पस्तीस ते पंचावन्न. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट दाबले की कळ येते. तळवा खाली करून भरलेला तांब्या किंवा खुर्ची उचलताना, ओले कपडे पिळताना, घट्ट झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, कोणाशी हस्तांदोलन करताना वेदना हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे उतरते. सांधा मात्र पुरता वाकतो व सरळ होतो, त्यावर सूज दिसत नाही. क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते. म्हणूनच सर्वांनाच त्याची गरज नसते.

सुईचा मोह

तांब्या पडल्यानंतर आम्ही जागे झालो खरे, पण घाई केली. गुढीपाडवा जवळ आला होता, पाहुणे यावयाचे होते, पुरणपोळ्या लाटावयाच्या होत्या. कोणी सांगितले म्हणून एका खासगी दवाखान्यात जाऊन कोपरात स्टिरॉइडची सुई घेतली. दोन-तीन दिवसांत दुखणे असे पळाले की, आम्ही त्या औषधाचे पोवाडे गाऊ लागलो. पाडव्याला पन्नास पोळ्या झाल्या. पुढे आंब्याचा मोसम, लोणची, पापड. जूनच्या आरंभी दुखणे परत आले ते दुपटीने. आता हातात चहाचा कपही ठरेना.

याचा उलगडा पुढे झाला. 2002 मध्ये हॉलंडातील 185 रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना सुई दिली, काहींना व्यायामोपचार दिले, आणि काहींना नुसता सल्ला देऊन वाट पाहावयास सांगितले. सहा आठवड्यांनी पाहिले तर सुई घेतलेल्यांपैकी शेकडा 92 बरे होते, व्यायामवाल्यांपैकी 47 आणि वाट पाहणाऱ्यांपैकी 32. हा आकडा पाहून कोणीही सुईच मागेल. परंतु वर्षाअखेर चित्र उलटले. व्यायामवाले शेकडा 91 बरे, वाट पाहणारे 83, आणि सुईवाले केवळ 69! 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासातही सुई घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे दुखणे वर्षभरात उलटले. ससा आणि कासव यांची गोष्ट आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवतो. स्वतःच्या घरात ती आम्हांस ओळखता आली नाही.

सुई हे विष आहे, असा याचा अर्थ नव्हे. काही प्रसंगी, विशेषतः वेदना असह्य असता, डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. पण वेदना थांबणे म्हणजे कंडरा सांधणे नव्हे. सुईनंतरच्या स्वस्थतेत हाताला दुप्पट कामास जुंपले, तर झीज अधिकच वाढते. मधुमेही माणसाने तर अशी सुई घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपला रोग सांगितलाच पाहिजे. तिने काही दिवस रक्तातील साखर वाढते. स्वतःचेच रक्त काढून, त्यातील निवडक भाग पुन्हा कोपरात टोचण्याचा महागडा उपचारही हल्ली सुचविला जातो. त्यासंबंधीच्या सर्व अभ्यासांचा जो मोठा आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्याचा म्हणण्यासारखा लाभ आढळला नाही. दागिने मोडून तो करण्यापूर्वी हे माहीत असावे.

बरे करणारी गोष्ट

मग खरा उपाय कोणता? सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी जे सांगितले, ते ऐकून आमची थोडी निराशाच झाली. इतके ते साधे होते. दहांपैकी आठ-नऊ रुग्ण शस्त्रक्रियेवाचून, बहुधा वर्षभराच्या आत, बरे होतात. अट एकच: दुखविणारे काम कमी करावे आणि कंडरेला हळूहळू बळ द्यावे.

पूर्ण विश्रांती द्यावयाची नाही. हात गळ्यात बांधून बसले तर स्नायू आणखी दुबळे होतात. फक्त ज्या हालचालीने कळ येते ती टाळावयाची किंवा बदलावयाची. वजन उचलताना तळवा वरच्या बाजूस, कोपर अंगाशी, आणि शक्य तेथे दोन्ही हात लावावे. लाटणे, झारा, कढईचा दांडा यांना कापड गुंडाळून मूठ जाड करावी. बारीक मूठ अधिक आवळावी लागते. ओले कपडे पिळण्याऐवजी तसेच निथळू द्यावे. संगणकापुढे बसणाऱ्यांनी माउस अंगाजवळ ठेवावा व हात टेकवावा. वेदना अधिक असेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. कोपराच्या दोन बोटे खाली बांधावयाचा पट्टा औषधांच्या दुकानात मिळतो. कामाच्या वेळी त्याने काहींना बरे वाटते. वेदनाशामक मलम चालते. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण त्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधू शकतात.

व्यायाम असा. खुर्चीवर बसून हात टेबलावर ठेवावा. तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हातात प्रथम काहीच नको. पुढे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरे. दुसऱ्या हाताने तो पंजा वर उचलून द्यावा, आणि मग दुखऱ्या हाताच्या बळावर तो सावकाश, मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजत, खाली सोडावा. वर चढविणे पाहुण्या हाताचे, खाली उतरविणे दुखऱ्या हाताचे, हे विसरू नये. बळ येते ते उतरविण्याने. असे पंधरा वेळा, थोडे थांबून तीन फेऱ्या, रोज. व्यायामाच्या वेळी किंचित दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले तर वजन व फेऱ्या कमी कराव्या. पहिल्या दोन-तीन खेपा व्यायामोपचारतज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे केल्या म्हणजे चूक राहत नाही. निदान तीन महिने चिकाटी हवी. सहा महिने ते वर्षभर असे करूनही गुण आला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तशी वेळ थोड्यांवरच येते.

हे सारे लिहून घेतले, तेव्हा डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, “औषध यांनी घ्यायचं, पथ्य तुम्ही पाळायचं.” आम्ही समजलो. कोपराला विश्रांती द्यावयाची तर त्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी कोपराने केले पाहिजे. त्या दिवसापासून कणीक मळणे, कुकर उतरविणे, बादल्या उचलणे आणि कपडे वाळत घालणे आमच्याकडे आले. पहिल्या आठवड्यातील पोळ्यांचे आकार भूगोलाच्या तासाला दाखविण्याजोगे होते, एवढेच सांगून हा विषय सोडतो.

प्रत्येक दुखणे ‘टेनिस’चे नव्हे

कोपर दुखण्याची कारणे अनेक आहेत, आणि सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही. वेदना कोपराच्या आतल्या, म्हणजे अंगाकडच्या हाडाशी असेल व मनगट पुढे वाकविताना वाढत असेल, तर त्याला गोल्फ या खेळाचे नाव आहे; उपचाराची दिशा तीच. परंतु अनामिका आणि करंगळी यांना मुंग्या येत असतील, बधिरता असेल, तर कोपरामागून जाणारा मज्जातंतू दाबला जात आहे असे समजावे. कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तोच हा तंतू. कोपर दुमडून तासन् तास फोन कानाशी धरणे, टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणे, हात उशाखाली मुडपून झोपणे या सवयींनी त्याचा जाच वाढतो. सवय बदलून बहुधा निभावते. बोटांतील शक्ती कमी होऊ लागली किंवा पंजाचे मांस झडू लागले, तर मात्र दिवस घालवू नयेत.

कोपराच्या टोकावर मऊ, लिंबाएवढी गाठ आली, तर ती बहुधा तेथील द्रवाच्या पिशवीची सूज असते. कोपर टेकून अभ्यास करणाऱ्यांना ती होते म्हणून तिला विद्यार्थ्याचे कोपर असेही म्हणतात. ती लाल, गरम झाली व ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळी तासभर सांधे आखडतात, बोटांचे सांधेही सुजतात, तर आमवाताची तपासणी हवी. मानेच्या हालचालीने कळ हातात उतरत असेल, तर दोष मानेतील मणक्यांत असू शकतो. आणि एक गोष्ट कोणीही विसरू नये: चालताना वा जिना चढताना छातीवर दडपण येऊन, घाम फुटून, वेदना डाव्या हातात कोपरापर्यंत उतरली, तर ते कोपर नव्हे, हृदय बोलत असते. तेथे बाम चोळीत बसू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.

एका मुलाचा हात

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्याचे मनात धरले, ती गोष्ट.

लहान मुलांचे कोपर ही वेगळीच बाब आहे. एक ते चार वर्षांच्या मुलास एका हाताने झटक्यात वर उचलले किंवा ओढले, तर कोपरातील एक बारीक हाड आपल्या कड्यातून किंचित निसटते. मूल रडते आणि तो हात हलविणे बंद करते. जाणता डॉक्टर ते क्षणभरात जागेवर बसवितो. आजी-आजोबांनी नातवंडांना दंडाला किंवा काखेत धरून उचलावे, मनगटाला धरून कधीही नाही, एवढे पथ्य पुरे. परंतु पाच ते दहा-अकरा वर्षांचे मूल झाडावरून वा भिंतीवरून हातावर पडले आणि कोपर सुजले, तर ते बहुधा कोपराच्या वरचे हाड मोडलेले असते, आणि त्याच्या अगदी पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही शहराबाहेरील एका शाळेत होतो. सहावीतील एक मुलगा मधल्या सुट्टीत जांभळाच्या झाडावरून पडला. कोपर पाहता पाहता सुजले. वडिलांना बोलाविले. त्यांनी विचारले, “सरजी, पहलवान को दिखा दें?” या भागात हाड बसविणाऱ्यांना पहलवान म्हणतात. रुग्णालय दूर, मजुरीचा दिवस बुडणार, आणि आम्हांसही शाळा सोडून जाणे गैरसोयीचे. आम्ही म्हणालो, “हाँ, दिखा दीजिए.” हे तीन शब्द आम्हांस आजतागायत परत घेता आलेले नाहीत.

तेथे तेलाने मालिश झाली व बांबूच्या पट्ट्यांनी कोपर घट्ट बांधले गेले. मुलगा रात्रभर रडला. बांधले आहे तर दुखणारच, असे घरच्यांस वाटले. बोटे गार पडली, निळसर झाली, मग त्यांतली संवेदना गेली आणि रडणेही थांबले. थांबलेल्या रडण्याला सर्वांनी गुण आल्याचे चिन्ह मानले. तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या, तोवर उशीर झाला होता. सुजलेल्या भागावर घट्ट बंधन बसले की आतला दाब वाढतो, रक्त पोहोचत नाही, आणि काही तासांतच स्नायू मरतात. मग ते आखडून बोटे पंज्यासारखी कायमची वाकतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या विकृतीस आहे.

आपल्याकडे तर हे ज्ञान त्याहून कितीतरी जुने. ‘कोपर’ हा शब्द ज्या संस्कृत ‘कूर्पर’पासून आला, त्याची सुश्रुताने मर्मस्थानांत गणना केली आहे, आणि त्या मर्माला इजा झाल्यास मनुष्य ‘कुणि’, म्हणजे वाकड्या हाताचा होतो असे सांगितले आहे. भाषेचा पदवीधर असूनही तो शब्द आम्हांस कळला तो त्या मुलाच्या हाताकडे पाहिल्यावर. मुलगा उजवा होता. डाव्या हाताने लिहावयास शिकला. वार्षिक परीक्षेची त्याची उत्तरपत्रिका तपासताना ती तिरकी, कष्टाने उमटलेली अक्षरे पाहून लाल पेन आमच्या हातून पुढे सरकेना.

तेव्हापासून शाळा कोणतीही असो, आमचा नियम ठरलेला आहे. मूल पडले, सांधा सुजला, तर हात आहे त्या स्थितीत मऊ कापडाने सैल आधार द्यावा. चोळू नये, ओढू नये, तेल लावू नये, आणि थेट हमीदिया, एम्स किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयात न्यावे, शिक्षकाने सोबत जावे. प्लास्टर घातल्यानंतरही बोटे गार, पांढरी वा निळी पडली, मुंग्या आल्या, किंवा बोटे सरळ करताना असह्य वेदना झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच परत जावे. अशा वेळी बंधन सैल करण्यात गेलेली दहा मिनिटे सबंध आयुष्य वाचवितात.

आमच्या सौभाग्यवतींचे कोपर आता बरे आहे. ऑगस्टमध्ये तांब्या उचलता आला, नवरात्रात कपडे पिळता आले. व्यायाम अजून चालू आहे. या दिवाळीत आईचा सोऱ्या आम्ही फिरवला. पहिल्याच घाण्याला आमचा हात असा भरून आला की, पंचवीस-तीस वर्षांच्या चकल्यांचा हिशेब एका क्षणात कळला. त्या शेजारी बसून चकल्या तळीत होत्या. म्हणाल्या, “दमलात का? थोडा बाम लावू?”

ही कोपरखळी आम्हांस मान्य आहे. वाचकांस एवढीच विनंती की, घरात कोणी ‘हात दुखतो’ असे म्हणाले, तर वर्तमानपत्र खाली ठेवून एकदा त्या हाताकडे पाहावे.